‘क’ स्थिर होईपर्यंत

“आई, पलंग धर ना. फिरतोय.”

पहाटेचे साडेपाच वाजले होते. आदल्या दिवशी श्रावणातला दुसरा सोमवार होता. लेक पंधरा वर्षांची, दहावीत. हाक ऐकून धावले, तर ती पलंगाची कड दोन्ही हातांनी गच्च धरून, डोळे मिटून पडली होती. मी तिला उठवून बसवायला गेले तशी ती डावीकडे कलंडली आणि उलटी झाली. “डोळे उघड बरं,” म्हटलं. उघडले, आणि माझ्याच पोटात गोळा आला. बुबुळं हळूच डावीकडे सरकत होती आणि झटक्यानं उजवीकडे येत होती. पुन्हा सरकत, पुन्हा झटका. धावत्या गाडीच्या खिडकीतून खांब मोजणाऱ्याचे डोळे होतात ना, तसे. पण ही तर घरात, पलंगावर निजलेली.

सकाळी आठपर्यंत सहा उलट्या झाल्या. तोवर घरात प्रत्येकाला कारण सापडलं होतं. सोमवारचा उपास, त्यावर रात्री उशिरापर्यंत अभ्यास, म्हणजे पित्तच. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात तीन पिढ्या तसंच करत आल्यात, आणि त्या वेळी मलाही ते हवंच होतं. जवळच्या डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. “उपाशीपोटी जागरण, वर बोर्डाचं टेन्शन. झोपू द्या, संध्याकाळपर्यंत बरी होईल,” म्हणाले. आठवड्यापूर्वी तिला तीन दिवस सर्दी-ताप होता, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती.

संध्याकाळी ती बरी झाली नाही. मान इंचभर हलवली तरी खोली गरगरायची. उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून अगदी निश्चल पडली तरच जरा बरं वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी भरलेलं, म्हणून रिक्षावाल्यानं लांबून नेलं. प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड आवळायची. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, डोक्यावर ओढणी, आणि माझ्या दंडावर तिच्या नखांचे वळ. तो रस्ता एवढा लांब मला कधीच वाटला नव्हता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न गुजरातीत विचारला, “बेटा, फेर चढे छे के आंख आगळ अंधारां आवे छे?” म्हणजे, गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?

या प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. आपण मराठीत सगळ्यालाच ‘चक्कर’ म्हणून मोकळे होतो. खरं तर आपल्याकडे शब्द कितीतरी आहेत. डोळ्यांपुढे अंधारी येते, घेरी येते, भोवळ येऊन माणूस पडतो, तोल जातो, झोक जातो, आणि गरगरतं. अंधारी आणि भोवळ म्हटलं की डॉक्टर रक्तदाब, अशक्तपणा, साखर तिकडे बघतात. गरगरणं, म्हणजे आपण स्थिर आणि जग फिरतंय असं वाटणं, त्याची वाट बरेचदा कानाकडे जाते. आदल्या दिवशी मी “चक्कर येतेय, उलट्या होतायत” एवढंच सांगितलं होतं. “खोली एकाच दिशेनं फिरतेय आणि थांबतच नाही,” असं सांगितलं असतं, तर कदाचित एक दिवस वाचला असता.

मग तपासणी. जाड भिंगांचा चष्मा लावून डोळे पाहिले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, “माझ्या नाकाकडे बघत राहा,” आणि मान अचानक, पण थोडीच, वळवली. उजवीकडे वळवल्यावर नजर नाकावरच राहिली. डावीकडे वळवली तेव्हा नजर मानेबरोबर वाहून गेली आणि मग उडी मारून नाकावर आली. डॉक्टरांनी मला मुद्दाम जवळ बोलावून ते दाखवलं. कानात पाहिलं, पडदा स्वच्छ. ऐकण्याची चाचणी झाली, दोन्ही कान उत्तम. तरी डाव्या कानात आत इन्फेक्शन आहे, म्हणाले.

“कानात इन्फेक्शन म्हणता, मग थेंब नाही देणार? अँटिबायोटिक?” मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “बेन, ज्या कानात आपण थेंब घालतो, तो हा कान नाही.”

आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाशेजारी तोल सांभाळणारा भाग असतो. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या. डोकं कुठे वळलं, कसं कललं, ही खबर तिथली नस मेंदूला सतत देत असते, आपण स्वस्थ बसलो असलो तरीसुद्धा. दोन्ही बाजूंची खबर सारखी आली की मेंदू समजतो, डोकं स्थिर आहे. सर्दी-तापाच्या विषाणूनं तिच्या डाव्या नसेला सूज आली होती. डावी बाजू गप्प झाली, उजवी बोलतच राहिली. मेंदूला वाटलं, डोकं उजवीकडे गरगरा फिरतंय, आणि त्यानं डोळ्यांना तशी हालचाल करायला लावली. ऐकणं शाबूत होतं म्हणून याचं नाव व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. ऐकूही कमी आलं असतं तर लॅबिरिंथायटिस म्हटलं असतं. विषाणूचं काम असल्यानं अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता. सूज उतरायला थोड्या दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स दिला, आणि तो प्रत्येक रुग्णाला देतातच असं नाही, हेही सांगितलं.

कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी काही लक्षणं लिहून दिली. एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळा पडणं, डोकं प्रचंड दुखणं, आधार देऊनही बसता न येणं, अचानक ऐकू कमी येणं. यातलं एकही दिसलं तर फोन करत बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं, कारण मग त्रास कानात नसून मेंदूत असू शकतो. ती यादी मी फ्रिजवर लावली. पहिले तीन दिवस रात्री दर दोन तासांनी उठून मी तिला एक वाक्य बोलायला लावायची. ती वैतागायची.

ते तीन दिवस निव्वळ शुश्रूषेचे होते. एका वेळी दोन चमचे ओआरएस, पाच मिनिटं थांबून पुन्हा दोन. लघवीला किती वेळा गेली, याची वहीत नोंद. खोलीत मंद उजेड. पहिल्यांदा पोटात टिकला तो कोरडा खाखरा, मग मुगाची मऊ खिचडी. उठायच्या आधी उशी घेऊन अर्धवट बसणं, मग पाय खाली सोडून मिनिटभर थांबणं, मग उभं राहणं. चक्कर आणि उलटी दाबणारी प्रोक्लोरपेराझिनची गोळी फक्त तीन दिवस घ्यायची होती. कोवळ्या वयात तिच्यामुळे कधीकधी मान किंवा जबडा वाकडा खेचला जातो, तसं दिसलं तर ताबडतोब आणा, असं बजावलं होतं. सुदैवानं तसं काही झालं नाही.

आता मी केलेली चूक. चौथ्या दिवशी गोळी बंद करून तिला चालवायला सांगितलं होतं. सकाळी गोळी दिली नाही. तासाभरात तिला पुन्हा गरगरायला लागलं, ती रडवेली झाली, आणि मी गोळी दिली. पाचव्या दिवशीही दिली, सहाव्या दिवशीही. ती झोपून राहायची आणि मला वाटायचं, आराम पडतोय. सातव्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “गोळी चक्कर दाबते, ती मेंदूला झोपवून. पण डावीकडची खबर येत नाही, हे मेंदूला कळायला हवं. तरच तो उजवी बाजू, डोळे आणि पाय यांच्याकडून नवा हिशेब मांडेल. चक्कर आल्याशिवाय तो शिकणार नाही. तुम्ही तिला शिकू देत नाही आहात.”

आई म्हणून हे ऐकणं फार जड गेलं. मूल कळवळत असताना त्याला निजवायचं, थोपटायचं, एवढंच मला येत होतं. आता तिला उठवायचं होतं, मान हलवायला लावायची होती, म्हणजे रोज थोडी चक्कर मीच तिला आणायची होती.

फिजिओथेरपिस्ट बाई मराठी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी एका कार्डावर जाड स्केचपेननं ‘क’ लिहिला आणि भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवला. त्याच्याकडे बघत मान ‘नाही, नाही’ म्हणतो तशी हलवायची. अट एकच, ‘क’ स्पष्ट दिसला पाहिजे. पुसट झाला की वेग कमी करायचा. मग ‘हो, हो’ म्हणतो तशी वर-खाली. एकेक मिनिट, मध्ये थांबत, दिवसभरात मिळून १२ मिनिटं. पहिल्या दिवशी तिला वीस सेकंदांपुढे जाता आलं नाही. ‘क’ची शेपटी लांब होत जाते, म्हणाली.

चक्कर दहापैकी किती, हे दर वेळी विचारायचं आणि लिहायचं. सुरुवातीला दोन असेल तर व्यायामात चार-पाचपर्यंत चढू द्यायची, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती उतरायला हवी. दुपारभर टिकली तर आपण जास्त केलं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. चढलीच नाही तर काम पुरेसं झालं नाही. माझी वाट पाहण्याची सगळी पद्धतच या आकड्यांनी बदलली. आधी मी “आज चक्कर नाही ना?” असं विचारायची. आता “किती चढली आणि किती वेळात उतरली?” असं विचारायला लागले.

पुढे कोपऱ्यात उभं राहणं आलं. पाठीशी दोन भिंती, समोर खुर्ची, म्हणजे पडायला जागाच नाही. पाय जुळवून, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मग तेच कापसाच्या गादीवर. मग फरशीच्या रेषेवर टाचेला अंगठा लावत चालणं, मग चालता चालता डावीकडे-उजवीकडे बघणं, आणि धाकट्या भावाबरोबर चेंडूची फेकाफेक. भावानं हे काम फार मनापासून केलं. बाईंनी सांगितलं, असे व्यायाम १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी बसवले. डोक्याला मार लागून तोल गेलेल्या रुग्णांना ते पडून राहू देत नसत.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री लाइट गेली. ती बाथरूमला जायला उठली आणि दारातच पडली. कपाळाला टेंगूळ आलं. दिवसा बरी चालणारी मुलगी अंधारात कशी पडली, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी समजावलं. कानाची खबर कमी झाल्यावर ती डोळ्यांवर आणि तळपायांवर तोल सांभाळत होती. अंधारात डोळे गेले, मऊ पायपुसण्यावर तळपायांचा भरवसा गेला, मग उरलं काय? त्या दिवसापासून बाथरूमच्या वाटेवर चार्जिंगचा दिवा लावला आणि घरातली सगळी पायपुसणी उचलली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. मला टेंगूळ आल्यावर कळली.

या आजाराचा खरा छळ घराबाहेर सुरू होतो. पट्टी नाही, प्लास्टर नाही, ताप नाही. तिसऱ्या आठवड्यात ती अर्धा दिवस शाळेत जायला लागली. फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून फळ्याकडे नजर नेली की ओळी पोहायच्या. वर्गात एका शिक्षिकेनं सगळ्यांसमोर म्हटलं, “चालतेस तर नीट, मग लिहायला काय होतं?” ती घरी येऊन दप्तर फेकून रडली. मी डॉक्टरांचं पत्र घेऊन गेले, पण नुसतं पत्र पुढे केलं नाही. मुख्याध्यापिकांना मोबाइलवरचं पान भराभर वर-खाली सरकवून दाखवलं आणि म्हटलं, “हे वाचा. तिला फळा असा दिसतो.” त्यांना लगेच समजलं. भिंतीलगत पुढचा बाक मिळाला, फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची मुभा मिळाली, चाचणी परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला. आजाराचं नाव सांगून जे झालं नव्हतं, ते झालं.

मंगळ बाजारात मात्र मी तिला लवकर नेलं. लहेरीपुरा दरवाज्याजवळ दोन्ही बाजूंना लटकणारे कपडे, चमचमत्या माळा, अंगावरून जाणारी गर्दी. दहा पावलांत ती पांढरीफटक झाली आणि तिनं हातगाडीचा दांडा पकडला. “एवढीशी पोर, सकाळीच...” असं कुणीतरी कुजबुजलं. तिनं ते ऐकलं. त्या रात्री तिनं मला विचारलं, “आई, मी आता अशीच राहणार का? आणि परीक्षेत परत झालं तर?”

मी “काही होत नाही गं” म्हणणार होते, पण थांबले. ती पंधरा वर्षांची आहे, तिला खोटा धीर ओळखू येतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं. हा झटका पुन्हा येणं क्वचित असतं. बहुतेकांना काही आठवड्यांत बरंच बरं वाटतं, काहींना महिने लागतात. नस पूर्ण भरून येईलच असं नाही, पण मेंदू तिच्याशिवाय चालायला शिकतो. “म्हणजे कान बरा होणार नाही, मी बरी होणार,” ती म्हणाली. मला हे इतकं नेमकं मांडता आलं नसतं.

त्याच आठवड्यात कानात पाणी घालायची चाचणी झाली. एकदा ३० अंशांचं थोडं गार, एकदा ४४ अंशांचं थोडं कोमट, दोन्ही कानांत आळीपाळीनं, आणि डोळ्यांवर कॅमेरा. निरोगी कानात पाणी गेलं की चक्कर येते आणि बुबुळं उडतात. उजव्या कानाला ती जोरात आली, डाव्याला जवळजवळ नाहीच. जिथं चक्कर येत नाही, तिथं दुखणं, हे तिला फार अजब वाटलं. घरी येऊन तिनं स्वतःच वाचून काढलं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांना कान धुताना दिसलं होतं, की गार पाण्यानं रुग्णाचे डोळे एका दिशेनं उडतात आणि गरम पाण्यानं विरुद्ध दिशेनं. त्या शोधाला १९१४ चं नोबेल मिळालं, आणि ते मिळाल्याची बातमी आली तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते. हे तिनं आजीला रंगवून सांगितलं. आजारी पडल्यापासून ती आपल्या आजाराबद्दल पहिल्यांदाच न रडता बोलत होती.

तोवर गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसांचा. आरती संपताना सगळे स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात. पहिल्या संध्याकाळी ती भिंतीला टेकून नुसत्या टाळ्या वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशी, निरोपाच्या आरतीला, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिनं ‘क’च्या सवयीनं आधी मूर्तीवर नजर रोवली, मग पाव वळली, थांबली, नव्या जागी नजर रोवली, पुन्हा पाव वळली. सगळ्यांच्या दोन प्रदक्षिणा झाल्या तोवर तिची एक झाली. सासूबाई हात पुढे करून धरायला निघाल्या, मी त्यांचा पदर धरून ठेवला. डावीकडे जरा झोक गेला, तिनं पाऊल टाकून सावरला, आणि हात जोडले. आकडा विचारला तर म्हणाली, “सहा. पण उतरेल.”

नवरात्रात पहिल्या चार रात्री ती गेली नाही. मोठ्या मैदानावरचे दिवे आणि हजारोंचं रिंगण तिच्यासाठी नव्हतं, हे तिनं स्वतःच ठरवलं. पाचव्या रात्री शेरीतल्या गरब्यात सगळ्यात बाहेरच्या फेरात उभी राहिली, दोन टाळ्यांची साधी चाल, गिरक्या नाहीत. अर्ध्या तासानं ओट्यावर येऊन बसली, पाणी प्यायली, पुन्हा गेली.

‘क’चं कार्ड अजून भिंतीवर आहे. झोप कमी झाली, सर्दी झाली, दिवसभर अभ्यास झाला, की डावीकडे अचानक वळताना तिला अजून क्षणभर हेलकावा जाणवतो. तसं झालं की ती दोन दिवस कार्डापुढे उभी राहते.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात होते आणि ती माडीवर. आमचा जिना लाकडी, उभा, पायऱ्या झिजलेल्या. काड्यापेटी सापडेना. मी चाचपडत जिन्याकडे निघाले, तोच वरून आवाज आला, “तू तिथंच थांब. मी येतेय.” कठड्यावरून सरकणारा तिचा हात ऐकू येत होता. एक पायरी, थोडं थांबणं, मग दुसरी. मी जिन्याखाली उभी राहून पायऱ्या मोजत होते. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत.